ट्यूबमध्ये प्रथिन आहे, टी-पेशी आहेत, मग प्रतिसाद कुठे गेला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. क्षयाच्या संसर्गासाठी केली जाणारी इंटरफेरॉन-गॅमाची रक्तचाचणी, म्हणजे इग्रा, पॉझिटिव्ह आलेल्या एका निरोगी स्वयंसेवकाचं रक्त घेतलं. त्यातून सीडी४ टी-पेशी, म्हणजे पृष्ठभागावर सीडी४ हे प्रथिन असलेल्या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, चुंबकीय मण्यांनी वेगळ्या केल्या. शुद्धता ९७ टक्के. त्यांवर क्षयजंतूचं ईसॅट-६ हे पूर्ण प्रथिन मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम या प्रमाणात घातलं, सोबतच पेशीने बनवलेली प्रथिनं बाहेर जाऊ न देणारं ब्रेफेल्डिन-ए घातलं, आणि सहा तासांनी पेशींच्या आतल्या इंटरफेरॉन-गॅमासाठी स्टेनिंग केलं. फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे पेशी एकेक करून तपासणाऱ्या यंत्रावर, काहीच दिसलं नाही. पेशींना थेट चेतवणाऱ्या पीएमए-आयोनोमायसिन या रसायनांच्या कंट्रोल वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) मात्र भरपूर पेशी पॉझिटिव्ह. मग पुस्तकात लिहिलेलं 'टी-पेशी अँटिजेन ओळखते' हे वाक्य कसं घ्यायचं, आणि चुकलं कुठे?

पेशी जिवंत होत्या, हे पीएमएच्या वेलनेच सांगितलं. प्रथिन खराब असू शकतं, पण ते मी सगळ्यात शेवटी तपासेन. माझ्या मते इथे दोन अडचणी एकाच वेळी आल्या आणि दोन्हींचं मूळ एकच आहे: टी-पेशीला मोकळं प्रथिन ओळखता येत नाही. दुसऱ्या एखाद्या पेशीने ते प्रथिन गिळायचं, तोडायचं, त्यातला एक तुकडा एचएलए या माणसागणिक वेगळ्या असलेल्या स्वतःच्या रेणूत बसवून पृष्ठभागावर मांडायचा, आणि मग टी-पेशीने तो बघायचा. तुम्ही शुद्धीकरण करताना मांडणाऱ्या पेशी काढून टाकल्या. मोनोसाइट्स या रक्तातल्या मांडणाऱ्या पेशी; जी थोडीफार उरली असतील त्यांचं मांडण्याचं काम सुरुवातीलाच घातलेल्या ब्रेफेल्डिनने थांबवलं.

काही गोष्टी प्रश्नात आलेल्या नाहीत. मणी सीडी४ला चिकटणारे होते की नको असलेल्या पेशी काढणारे, मीडियममध्ये सीरम कोणतं होतं, रक्त घेतल्यावर किती तासांनी काम सुरू झालं, स्वयंसेवकाचा एचएलए प्रकार कोणता. उत्तराचा काही भाग यांवर अवलंबून आहे. तो जिथे येईल तिथे सांगतो.

आधी 'ओळखणे' या शब्दाबद्दल, कारण घोटाळा तिथूनच सुरू होतो. आपल्या सगळ्यांचे हात एलायझावर, म्हणजे अँटिबॉडीच्या पकडीवर चालणाऱ्या चाचणीवर, बसलेले असतात. एलायझात प्लेटच्या तळाशी नुसतं प्रथिन लावलं तरी अँटिबॉडी येऊन चिकटते, कारण अँटिबॉडी घडी घातलेल्या अखंड प्रथिनाच्या पृष्ठभागावरचा आकार पकडते. टी-पेशीच्या रिसेप्टरचं काम वेगळं आहे. अंगठीतला खडा आणि त्याचं कोंदण मिळून जे रूप दिसतं, तेवढंच त्याला दिसतं. खडा म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, पेप्टाइड. कोंदण म्हणजे एचएलए. सुटा खडा त्याला कळत नाही, आणि तोच खडा दुसऱ्याच्या कोंदणात बसवला तरी बहुधा कळत नाही.

हे कोंदण प्रत्यक्ष कसं दिसतं ते १९८७ साली हार्वर्डमध्ये पामेला ब्योर्कमन, जॅक स्ट्रॉमिंजर आणि डॉन वायली यांच्या गटाने एचएलए-ए२ची स्फटिकरचना सोडवली तेव्हा कळलं. तळाला चपटी पट्टी, दोन्ही बाजूंना दोन सर्पिल कडा, आणि मधल्या खाचेत बसलेलं पेप्टाइड. पहिल्या वर्गाच्या एचएलएची, म्हणजे ए, बी आणि सी यांची, खाच दोन्ही टोकांना बंद असते, म्हणून तीत साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचा तुकडा मावतो. दुसऱ्या वर्गाची, म्हणजे डीआर, डीक्यू, डीपी यांची, खाच टोकांना उघडी असते. तिथे १३ ते १८ किंवा त्याहून लांब तुकडा बसतो आणि त्यातली मधली सुमारे नऊ आम्लं खाचेत रुततात. सीडी८ पेशी पहिला वर्ग बघतात, सीडी४ दुसरा. तुमच्या सीडी४ पेशींना डीआर-डीक्यू-डीपी हवे होते, आणि तिथेच पहिला फटका बसला, कारण माणसाच्या शांत टी-पेशीवर दुसऱ्या वर्गाचं एचएलए जवळजवळ नसतं. चेतवल्यावर एक-दोन दिवसांत ते येतं, पण सहा तासांत त्याचा उपयोग नाही.

जाता जाता: हाच प्रयोग शुद्ध सीडी८ पेशी आणि नेमकं नऊ आम्लांचं पेप्टाइड घेऊन केला असता, तर कदाचित चालला असता. पहिल्या वर्गाचं एचएलए केंद्रक असलेल्या जवळजवळ प्रत्येक पेशीवर असतं, त्यामुळे सीडी८ पेशी एकमेकींनाच पेप्टाइड दाखवू शकतात. 'शुद्ध टी-पेशींमध्ये चाललं होतं' असं कुणी सांगितलं तर ते बहुतेक सीडी८ आणि लहान पेप्टाइड यांचं असतं. त्यावरून सीडी४ आणि पूर्ण प्रथिनाचा अंदाज बांधता येत नाही.

तुमचा प्रयोग म्हणजे नकळत केलेली चाळीस वर्षांपूर्वीच्या प्रयोगांची आवृत्ती आहे, म्हणून तो इतिहास इथे उपयोगी पडतो. १९७४ साली कॅनबेरामध्ये रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांना दिसलं की विषाणूने ग्रासलेल्या उंदराच्या टी-पेशी त्याच विषाणूने ग्रासलेल्या पेशींना मारतात, पण त्या पेशींचा एचएलएसारखा ठसा जुळत असेल तरच. विषाणू तोच, ठसा वेगळा, तर पेशी सुरक्षित. १९९६चं नोबेल याच शोधासाठी मिळालं. कोंदण जुळायला हवं हे त्यातून कळलं. खडा अखंड असतो की फोडलेला, हे कळायचं होतं. ते १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला एमिल उनानुए आणि किर्क झीगलर यांच्या प्रयोगांतून पुढे आलं. मॅक्रोफेजला, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशीला, लिस्टेरिया जंतू देऊन लगेच रसायनाने त्याला स्थिर केलं, तर टी-पेशी ढिम्म. तासाभराने स्थिर केलं, तर प्रतिसाद येतो. मधल्या तासात काहीतरी घडत होतं. क्लोरोक्विन किंवा अमोनिया घालून पेशीच्या आतल्या पिशव्यांमधली आम्लता घालवली, तरी प्रतिसाद जायचा. मग १९८३ मध्ये हॉवर्ड ग्रे यांच्या गटाने दाखवलं की आधीच स्थिर केलेल्या पेशींना अखंड ओव्हलब्युमिन दिलं तर काही होत नाही, पण ट्रिप्सिनने तोडलेलं ओव्हलब्युमिन दिलं की टी-पेशी जाग्या होतात. म्हणजे मांडणाऱ्या पेशीचं मुख्य काम तोडण्याचं आहे. ते बाहेर करून दिलं तर निर्जीव पेशीसुद्धा नुसतं कोंदण म्हणून पुरते.

आता ब्रेफेल्डिनचं. सायटोकाइन पेशीबाहेर जाऊ नये, आतच साठून स्टेन व्हावं म्हणून आपण ते घालतो. ते एन्डोप्लाझ्मिक रेटिक्युलममधून गॉल्जीकडे जाणारी वाहतूक अडवतं. अडचण अशी की नव्याने तयार झालेलं एचएलएही याच वाटेने जातं. दुसऱ्या वर्गाचं एचएलए रेटिक्युलममध्ये बनतं तेव्हा त्याच्या खाचेत इन्व्हेरिअंट चेन नावाची साखळी बसलेली असते, जेणेकरून तिथेच भलतं काही बसू नये. गॉल्जीतून ते आम्लधर्मी पिशव्यांत येतं. तिथे ही साखळी कापली जाऊन तिचा क्लिप नावाचा तुकडा खाचेत उरतो, मग एचएलए-डीएम तो क्लिप काढून गिळलेल्या प्रथिनाचा तुकडा बसवायला मदत करतं, आणि तयार दागिना पृष्ठभागावर जातो. पहिल्या ठोक्याला ब्रेफेल्डिन घातलं की कोंदण पिशवीपर्यंत पोचतच नाही. बाहेरून तयार पेप्टाइड दिलं असेल तर फारसं बिघडत नाही, कारण पृष्ठभागावर आधीच असलेल्या एचएलएत ते थेट बसतं. पूर्ण प्रथिन दिलं असेल तर मात्र खेळ तिथेच संपतो. ही चूक मला प्रोटोकॉल एका कामातून दुसऱ्यात उचलताना वारंवार होताना दिसते: पेप्टाइडचा सहा तासांचा प्रोटोकॉल जसाच्या तसा प्रथिनाला लावला जातो.

वेळेचा हिशेब असा ठेवा. पेप्टाइडसाठी एक तास नुसतं पेप्टाइड, मग ब्रेफेल्डिन मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम, पुढे पाच तास. पूर्ण प्रथिनासाठी आधी सहा ते आठ तास प्रथिन आणि मांडणाऱ्या पेशी, मग ब्रेफेल्डिन आणि पुढे पाच-सहा तास. रात्रभर ठेवायचं असेल तर संध्याकाळी प्रथिन घालून सकाळी ब्रेफेल्डिन घाला; ब्रेफेल्डिनमध्ये पेशी दहा-बारा तासांहून जास्त ठेवल्या की त्या मरायला लागतात आणि मेलेल्या पेशी कोणत्याही अँटिबॉडीला चिकटून खोटे ठिपके देतात. मृत पेशी ओळखणारा डाय या कामात ऐच्छिक मानू नका.

आता सगळ्यात उपयोगाचा भाग. 'प्रतिसाद नाही' हे एक उत्तर दिसतं, पण त्यामागे निदान पाच वेगळ्या पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीला स्वतंत्र कंट्रोल असतो आणि एकाच प्लेटवर ते सगळे लावले तर बिघाड कुठे आहे ते प्लेटच सांगते.

पीएमए-आयोनोमायसिन रिसेप्टरला वळसा घालून थेट पेशीच्या आतली यंत्रणा चालवतं. पीएमए ५० नॅनोग्रॅम, आयोनोमायसिन ५०० नॅनोग्रॅम ते १ मायक्रोग्रॅम मिलिलिटरला. ते पॉझिटिव्ह आलं म्हणजे पेशी जिवंत आहे, सायटोकाइन बनवू शकते आणि तुमचं स्टेनिंग चाललं. ओळखण्याबद्दल ते एक अक्षरही सांगत नाही. तुमच्याकडे एवढा एकच पॉझिटिव्ह कंट्रोल होता, म्हणून प्लेटला पुढचं काही सांगता आलं नाही.

त्यापुढची पायरी अँटी-सीडी३/सीडी२८ लावलेले मणी, पेशीमागे एक मणी. हे रिसेप्टरच्या सोबतची सीडी३ साखळी थेट ओढतात, त्यामुळे रिसेप्टरपासून आतपर्यंतची तार शाबूत आहे का ते कळतं. इथेही मांडणाऱ्या पेशीची गरज नाही.

तिसरी पायरी स्टॅफिलोकोकसचं एन्टेरोटॉक्सिन-बी, म्हणजे एसईबी, आणि शुद्ध पेशींवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हे लावावं असं मला मनापासून वाटतं. एसईबी एका बाजूने दुसऱ्या वर्गाच्या एचएलएला खाचेच्या बाहेरून धरतं आणि दुसऱ्या बाजूने रिसेप्टरच्या ठराविक व्ही-बीटा प्रकारांना. त्याला तोडावं लागत नाही, पण एचएलए धारण करणारी पेशी लागते. म्हणजे मणी पॉझिटिव्ह आणि एसईबी निगेटिव्ह आलं, तर मांडणाऱ्या पेशी नाहीत हे निश्चित. एक काळजी घ्या: एसईबी इतकं जोरकस आहे की मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम घातलं तर उरलेली टक्काभर मोनोसाइट्सही पुरतात आणि वेल पॉझिटिव्ह येतो. म्हणून १ मायक्रोग्रॅमसोबत १० नॅनोग्रॅमचाही एक वेल ठेवा आणि दोन्हींतला प्रतिसाद अख्ख्या पीबीएमसीच्या, म्हणजे रक्तातल्या टी-पेशी, मोनोसाइट्स वगैरेंच्या न निवडलेल्या मिश्रणाच्या, वेलशी ताडून बघा. सीडी४ला चिकटणारे मणी वापरले असतील तर हे जास्तच लागू आहे, कारण माणसाच्या मोनोसाइट्सवरही थोडं सीडी४ असतं आणि ती त्या मण्यांबरोबर वाहून येतात.

चौथी पायरी पेप्टाइड मिश्रण, पाचवी पूर्ण प्रथिन. एसईबी आणि पेप्टाइड दोन्ही चालले पण प्रथिन नाही, तर तोडण्यात किंवा वेळेत अडचण आहे. एसईबी चाललं पण पेप्टाइडही नाही, तर एक तर या माणसाच्या एचएलएत तुमचे तुकडे बसत नाहीत, किंवा त्या तुकड्यांना ओळखणाऱ्या पेशी तुमच्या मोजणीत सापडण्याइतक्या नाहीत.

या शेवटच्या शक्यतेकडे फार दुर्लक्ष होतं, म्हणून आकडा मांडतो. एका विशिष्ट अँटिजेनच्या स्मृतिपेशी रक्तातल्या सीडी४ पेशींच्या टक्क्याच्या दशांशाहूनही अनेकदा कमी असतात. समजा ०.०२ टक्के आहेत. फ्लोवर तुम्ही २० हजार सीडी४ पेशी मोजल्या तर त्यात चार पॉझिटिव्ह सापडतील, आणि नुसत्या मीडियमच्या वेलमध्येही तीन-चार असतातच. निदान २ ते ५ लाख सीडी४ पेशी मोजल्या तर ४० ते १०० ठिपके मिळतात आणि मग बोलता येतं. ज्यांनी या अँटिजेनची गाठच घेतलेली नाही अशा माणसात तर लाखात एक किंवा त्याहूनही विरळ पेशी असते, आणि ती कोरी पेशी सहा तासांत इंटरफेरॉन-गॅमा बनवत नाही. तिला आधी लिम्फ नोडमध्ये डेन्ड्रिटिक पेशीकडून पेप्टाइड दिसावं लागतं, सीडी२८मार्फत दुसरा इशारा मिळावा लागतो, आणि मग काही दिवस तिची संख्या वाढत जाते. त्यामुळे नकारात्मक स्वयंसेवकात 'ओळख नाही' असं लिहू नका. 'या वेळेत इंटरफेरॉन-गॅमा नाही' इतकंच लिहा.

नवा प्रयोग असा लावा. रक्त सोडियम किंवा लिथियम हेपारिनमध्ये घ्या. ईडीटीए कॅल्शियम धरतं आणि टी-पेशीचा इशारा कॅल्शियमवरच चालतो. रक्त खोलीच्या तापमानाला ठेवा, फ्रीजमध्ये नाही, आणि शक्यतो आठ तासांच्या आत पीबीएमसी वेगळ्या करा. स्वयंसेवक टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन किंवा मोठ्या मात्रेत स्टेरॉइड घेत असेल तर त्याचं रक्त या कामाला नको. पहिली दोन औषधं याच कॅल्शियमच्या वाटेवर बसतात. पीबीएमसीतून सीडी४ पेशी नको असलेल्या पेशी काढण्याच्या पद्धतीने घ्या, आणि त्याच रक्ताच्या दुसऱ्या वाट्यातून सीडी१४ मण्यांनी मोनोसाइट्स घ्या. ९६ वेलच्या गोल तळाच्या प्लेटमध्ये प्रत्येक वेलला २ लाख सीडी४ आणि ५० हजार ते १ लाख मोनोसाइट्स. गोल तळ मुद्दाम सांगतो: पेशी एकमेकींना टेकल्या पाहिजेत, सपाट तळावर त्या पसरतात.

मोनोसाइट्स त्याच माणसाच्या हव्यात, यात तडजोड नाही. दुसऱ्याच्या घेतल्या तर परक्या एचएलएला थेट प्रतिसाद देणाऱ्या टी-पेशी १ ते १० टक्क्यांच्या घरात असतात. त्या गोंधळात ०.०२ टक्क्याचा तुमचा खरा प्रतिसाद बुडून जाईल आणि वर तुम्हाला वाटेल की प्रयोग झकास चालला.

पेप्टाइड मिश्रणाचं गणित करून ठेवा. ईसॅट-६ ९५ अमिनो आम्लांचं आहे. १५ आम्लांचे तुकडे, प्रत्येक पुढचा चार आम्लांनी सरकवलेला, म्हणजे शेजारच्या दोन तुकड्यांत ११ आम्लं सामाईक, असे घेतले तर बरोबर २१ पेप्टाइड्स होतात. प्रत्येक पेप्टाइड वेलमध्ये मिलिलिटरला २ मायक्रोग्रॅम हवं. डीएमएसओ या द्रावकातला मूळ साठा मिलिलिटरला २० मिलिग्रॅम असेल तर २१ समान भाग मिसळल्यावर मिश्रणात प्रत्येक पेप्टाइड सुमारे ०.९५ मिलिग्रॅम उरतं, आणि ते वापरताना वेलमध्ये डीएमएसओ ०.२ टक्क्याच्या आसपास जातं. साठा ५ मिलिग्रॅमचा असेल तर तेच प्रमाण ०.८ टक्क्यांवर जातं आणि पेशी कुरकुरायला लागतात. मी ०.५ टक्के ही वरची मर्यादा मानतो, आणि नुसत्या मीडियमच्या वेलमध्ये तेवढाच डीएमएसओ घालतो. हा शेवटचा भाग लोक विसरतात. मग तुलना पेप्टाइडची नसून डीएमएसओची होते.

सीरम मानवी एबी गटाचं, ५ ते १० टक्के. वासराच्या सीरममध्ये गायीची प्रथिनं असतात, तीही तोडली आणि मांडली जातात, आणि काही लोकांच्या टी-पेशी त्यांना प्रतिसाद देऊन रिकाम्या वेलचा आकडा वाढवतात.

स्टेनिंगमध्ये एक मेख आहे. रिसेप्टरने पेप्टाइड ओळखलं की तो पेशीच्या आत ओढला जातो, सोबत सीडी३ही. सीडी३ फक्त पृष्ठभागावर स्टेन केलं तर ज्या पेशींनी प्रतिसाद दिला नेमक्या त्याच तुमच्या सीडी३ गेटमधून, म्हणजे मोजण्यासाठी आखलेल्या चौकटीतून, बाहेर पडतात. म्हणून सीडी३ पेशी सच्छिद्र केल्यानंतर, इंटरफेरॉनसोबत स्टेन करा. सीडी४चंही काही अंशी तसंच आहे, पीएमएच्या वेलमध्ये तर फारच.

पूर्ण प्रथिन ई. कोलायमध्ये बनवलेलं असेल तर त्यातलं एन्डोटॉक्सिन मोनोसाइट्सना चेतवतं, त्या आयएल-१२ हा रासायनिक इशारा सोडतात आणि एनके पेशी, म्हणजे टी-पेशी नसलेल्या मारक पेशी, इंटरफेरॉन-गॅमा बनवतात. एलायझाने मोजत असाल तर हा खोटा प्रतिसाद ओळखूही येणार नाही. फ्लोवर निदान कोणती पेशी पॉझिटिव्ह आहे ते दिसतं. शंका असेल तर मोनोसाइट्सना मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम या प्रमाणात एचएलए-डीआरला झाकणारी एल२४३ अँटिबॉडी प्रथिनाच्या अर्धा तास आधी द्या, शेजारी त्याच जातीची असंबंधित अँटिबॉडी. खरा सीडी४ प्रतिसाद झाकल्यावर पडतो, एन्डोटॉक्सिनचा पडत नाही. थोडासाच पडला तर तुकडा डीक्यू किंवा डीपीवर मांडला जात असेल.

एचएलए प्रकाराबद्दल. नोंदवलेल्या एचएलए प्रकारांची संख्या तीस हजारांच्या वर गेली आहे. प्रत्येक प्रकाराच्या खाचेला तुकड्याच्या ठराविक जागी ठराविक आम्ल आवडतं. एचएलए-ए*०२:०१ला दुसऱ्या जागी ल्यूसिन किंवा मेथिओनिन आणि शेवटच्या जागी व्हॅलिन किंवा ल्यूसिन. त्यामुळे एका माणसात जोरदार चाललेलं एकच पेप्टाइड दुसऱ्यात शून्य देऊ शकतं आणि दोन्ही उत्तरं खरी असतात. आपल्याकडे आणखी एक गोष्ट: बाजारात मिळणारे बहुतेक तयार टेट्रामर, म्हणजे ठराविक टी-पेशी शोधण्यासाठी पेप्टाइड बसवलेले चार एचएलए जोडून केलेले रेणू, ए*०२:०१साठी असतात, पण भारतात ए-०२ घराण्यातले ०२:११, ०२:०६ असे इतर उपप्रकारही बऱ्यापैकी आढळतात. 'ए२ पॉझिटिव्ह' एवढ्यावर टेट्रामर मागवू नका, चार अंकी टायपिंग आधी करा. एचएलए माहीत नसेल तर सगळं प्रथिन व्यापणारं १५ आम्लांचं मिश्रण हाच शहाणा मार्ग.

टेट्रामर चारचे जोडून का करावे लागतात यात ओळखण्याचं गुपित थोडं उलगडतं. अँटिबॉडीची पकड नॅनोमोलरच्या घरात असते. टी-पेशीच्या रिसेप्टरची पकड साधारण १ ते १०० मायक्रोमोलर, म्हणजे कितीतरी सैल, आणि सुटं एक पेप्टाइड-एचएलए काही सेकंदांत निसटतं. तरीही पेशीवर हजारो इतर पेप्टाइड्सच्या गर्दीत हवी ती मोजकी, कधी दहाहूनही कमी, पेप्टाइड्स असली तरी टी-पेशीला कळतं. तिच्या पृष्ठभागावर सुमारे ३० हजार रिसेप्टर असतात. पकड बसली की सीडी४ किंवा सीडी८ त्याच एचएलएला बाजूने धरतं आणि सोबत एलसीके हे किनेज आणतं. ते सीडी३ साखळ्यांवर फॉस्फेट चढवतं, तिथे झॅप-७० येऊन बसतं, मग पुढची साखळी. या पायऱ्यांना काही सेकंद लागतात. तुकडा त्याआधी सुटला तर चढवलेले फॉस्फेट उतरवले जातात आणि सगळं पहिल्यापासून. म्हणजे टी-पेशी पकडीच्या टिकण्याचा काळ मोजते, आणि म्हणूनच एका आम्लाच्या फरकाचा तुकडाही तिला वेगळा वाटू शकतो. विकत घेतलेल्या पेप्टाइडची शुद्धता आणि क्रम तपासण्यात कुचराई करू नका, असं मी सांगतो ते यामुळे.

पूर्ण रक्तात का चाललं, हे आता सहज जुळेल. इग्राच्या नेहमीच्या संचात प्रत्येक ट्यूबमध्ये १ मिली रक्त जातं आणि ३७ अंशांवर १६ ते २४ तास राहतं. त्यात ईसॅट-६ आणि सीएफपी-१० यांची तयार पेप्टाइड्स असतात, आणि रक्तात त्या माणसाची स्वतःची मोनोसाइट्स, बी-पेशी, डेन्ड्रिटिक पेशी सगळ्या हजर. ही दोन प्रथिनं निवडण्याचं कारण असं की त्यांची जनुकं बीसीजीच्या जंतूने गमावलेली आहेत. जन्मतः बीसीजी टोचलेल्या आपल्या लोकांत मांटू त्वचाचाचणीतलं पीपीडी, म्हणजे क्षयजंतूच्या प्रथिनांचं मिश्रण, फसतं तिथे ही फसत नाहीत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सीवाय-टीबी ही त्वचाचाचणी हीच दोन प्रथिनं वापरते, आणि तीत पेप्टाइड नसून अखंड प्रथिनं असतात. तरी चालते. त्वचेत मांडणाऱ्या पेशी भरपूर आहेत आणि वाचन ४८ ते ७२ तासांनी होतं, म्हणजे तोडायला वेळही भरपूर. तुमच्या वेलमध्ये नेमक्या या दोन गोष्टी कमी पडल्या.

एवढं सगळं करूनही मण्यांचा, एसईबीचा आणि पेप्टाइडचा वेल पॉझिटिव्ह आला आणि पूर्ण प्रथिन बारा तासांनंतरही शून्यच राहिलं, तर मग प्रथिनाकडे वळा. एसडीएस जेलवर १० किलोडाल्टनच्या आसपास एकच पट्टा आहे का, वारंवार गोठवून-वितळवून गाळ तर झाला नाही ना, साठवणीच्या बफरमध्ये युरिया किंवा इमिडाझोल उरलं आहे का, हे बघा. गोठवलेल्या पीबीएमसी वापरल्या असतील तर ताज्या रक्तावर एकदा करून पाहा. गोठवण्यात मांडणाऱ्या पेशींचं तोडण्याचं काम टी-पेशींपेक्षा आधी बिघडतं, त्यामुळे पेप्टाइडचा प्रतिसाद टिकतो आणि प्रथिनाचा उतरतो. आणि इंटरफेरॉनच्या जोडीला सीडी१५४साठीही, म्हणजे चेतलेल्या सीडी४ पेशीत येणाऱ्या प्रथिनासाठीही, स्टेन करा. ईसॅट-६ ओळखूनही इंटरफेरॉन-गॅमा न बनवणाऱ्या सीडी४ पेशी असतात, आणि त्या तिथे दिसतील.